झाकण क्रमांक सात

फुजैराच्या किनाऱ्यावर, तेलाच्या टाक्यांच्या अलीकडे,
वाळूत एक लोखंडी झाकण आहे.
त्याच्यावर बसून मी डबा खातो.
अकरा वर्षं.

खालून काय जातं ते पहिल्या दिवशी
फोरमन गुलरेजने सांगितलं:
मनगटाएवढी केबल, आत केसासारखी काच,
काचेत उजेड,
उजेडात बँका, निकाहाचे फोटो, शिव्या, सगळं.
मी विचारलं, वजन किती?
तो म्हणाला, वजन फक्त वाळूचं.

बाणकोटच्या खाडीत बाप जाळं टाकायचा.
दोर बोटाला लागला की सांगायचा
शिंगाळा आहे की नुसतं शेवाळ.
मी तळहात झाकणावर ठेवून बघतो.
काही कळत नाही. चटका बसतो तेवढाच.

रात्री खोलीत सहा जण, सहा मोबाइल.
रुकय्याला कॉल लावतो. तिकडे घंटी वाजते,
ती उचलते,
आणि मग काहीच नाही.
परवानगीवाला कॉल हवा तर महिन्याला पन्नास दिरहम,
म्हणजे घरचा एक सिलिंडर.
म्हणून ती बोलून पाठवते, मी ऐकून ठेवतो.
तिची सकाळ मला संध्याकाळी मिळते,
थोडी शिळी, पण तिचीच.

हे ठरवतं कोण?
एकदा दुबईच्या हॉटेलात त्याचीच सभा होती,
इंटरनेट कुणी चालवावं यावर, तीन दिवस.
आम्हाला वायरी ओढायला नेलं होतं.
मागे काचेच्या सहा पेट्या, पेटीत दुभाषे,
प्रत्येकाच्या कानात आपापली भाषा.
दारावर पाटी: सर्व भागधारकांचे स्वागत.
मी शिडी धरून उभा होतो.
शिडीवर गुलरेज होता, त्यालाही कुणी विचारलं नाही.

भाचा मुदस्सर महाडला असतो.
कॉम्प्युटरचा कोर्स झाला, आता रात्रभर चित्रं बघतो,
ठेवा किंवा काढा, एका चित्राला सत्तर पैसे.
काय बघतो ते आईला सांगत नाही.
मला एकदा लिहिलं, मामू, हल्ली मटण जात नाही.
मी लिहिलं, मासे खा.
आणखी काय लिहिणार?

फेब्रुवारीत कुठल्याशा जहाजाचा नांगर केबलवरून फरपटला.
मुदस्सरचा पडदा चार रात्री गोल गोल फिरत राहिला,
चार रात्रींचे पैसे शून्य.
इथे मी टॉर्च घेऊन झाकणाशी उभा,
चार रात्री, डबल ओव्हरटाइम.
त्या पैशातून दोन हजार त्याला पाठवले.
त्याने परत केले.
मी पुन्हा पाठवले.
यावर आम्ही कधी बोललो नाही.

जूनमध्ये झाकणाला डोळा बसवला,
सुपारीएवढा, पाच वर्षांच्या बॅटरीचा.
कंपनीचं पत्र आलं: देखरेख आता दुरून होईल,
सप्टेंबरनंतर जागेवर माणूस लागणार नाही.
दुरून म्हणजे कुठून, ते पत्रात नव्हतं.
गुलरेज म्हणाला, आपल्याला दोन महिने दिले, डोळ्याला पाच वर्षं.
मग हसला, आणि चहा अर्धाच टाकून गेला.

परवा दुपारी नेहमीसारखा डबा उघडला,
एक घास झाला असेल,
साइटचा फोन वाजला.
हिंदीत एक पोरगा: झाकणावर वजन दिसतंय, कृपया उठा.
त्याच्या हिंदीला आपल्याकडचा हेल होता,
'वजन'मधला ज तोंडातच ठेचकाळत होता.
मी उठलो. मराठीत विचारलं, कुठला रे तू?
थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग हळूच, मराठीतच:
काका, कॉल रेकॉर्ड होतो, सांगता येत नाही.
जेवण झालं का?

अकरा वर्षांत त्या झाकणातून
माझ्यासाठी आलेलं हे पहिलं वाक्य.

काल पुन्हा बसलो.
मुद्दाम.
फोनवर दुसरंच कुणी होतं, एक मुलगी, घाईत.
उद्या बघू.